त्याला कुणी विचारलंच नाही

"मला हरवायचं बघा," अशिलाने खुर्चीत टेकल्या टेकल्या सांगितलं. "आणि जमलं तर चांगलं दणदणीत."

वकिली सुरू करून मला फार काळ झाला नव्हता, पण अशील जिंकायला येतात एवढं मला शिकवलेलं होतं. मी मुदतकाकांकडे पाहिलं. मुदतकाका म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक आणि माझे गुरू. ते आयुष्यात एकही खटला हरलेले नाहीत, कारण त्यांनी एकही संपू दिलेला नाही. स्वतःच्या लग्नातही त्यांनी पुढची तारीख मागितली होती असं लोक म्हणतात. काकू म्हणतात, मिळाली असती तर बरं झालं असतं.

अशील प्लंबर होता. त्याच्या धंद्याचा विमा होता आणि विमा कंपनीने त्याच्या बचावासाठी आम्हाला नेमलं होतं. कंपनीची एकच अट होती: प्रतिवादीने काहीही कबूल करायचं नाही. प्रतिवादीने तोवर कबुली देण्यावाचून दुसरं काही केलंच नव्हतं. न्हाव्याकडे, दूधवाल्याकडे, विमा कंपनीच्या चौकशीच्या खिडकीतल्या बाईकडेसुद्धा तो आपला गुन्हा कबूल करून आला होता. तिने त्याला शेजारच्या खिडकीवर पाठवलं.

"दावा कुणी लावलाय?" मी विचारलं.

"माझ्या वहिनीने."

"घरात भांडण आहे?"

"छे हो! एकाच घरात राहतो आम्ही. दाव्याची फी मीच भरली. तिचा वकीलही मीच शोधला. त्याच्या बाथरूमची गळती काढून दिली होती मी, त्याला नाही म्हणता आलं नाही."

"म्हणजे तुमच्यावरचा दावा तुम्हीच लावलाय."

"मग काय करू? ती लावतच नव्हती ना!"

मुदतकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चष्म्याचा दोष नव्हता.

मग प्लंबरने सगळं सांगितलं. त्याच्या वहिनीची तळमजल्यावर लॉन्ड्री आहे. एका मोठ्या हॉस्पिटलचे कपडे तिच्याकडे धुवायला यायचे. त्याच इमारतीत वर कुणाच्या तरी छतातून पाणी ठिबकत होतं. गळती नेमकी कुठली हे शोधायची प्लंबरांची एक जुनी युक्ती आहे: टाकीत लाल रंग सोडायचा आणि मग ज्या भिंतीला लाली चढेल ती फोडायची. त्याने गच्चीवरच्या टाकीत रंग सोडला. लॉन्ड्रीला पाणी दुसऱ्या टाकीचं. म्हणजे पूर्वी दुसऱ्या टाकीचं. एकदा पाणी कमी पडलं तेव्हा वहिनीची अडचण नको म्हणून त्यानेच दोन्ही टाक्यांमध्ये पाइप टाकून वर एक कॉक बसवला होता. रंग सोडायच्या दिवशी तो कॉक बंद करायचा राहून गेला.

गळती सापडली. एका खोलीची भिंत लाजल्यासारखी लाल झाली. खाली हॉस्पिटलचे सगळे पांढरे कपडे गुलाबी होऊन निघाले. पुढचे काही दिवस डॉक्टर गुलाबी कोटात फिरत होते. ऑपरेशनच्या टेबलावरच्या एका पेशंटला भूल देण्याआधीच वाटलं की भूल चढली. लहान मुलांच्या विभागाने मात्र पुन्हा असंच मिळेल का, अशी चौकशी केली. हॉस्पिटलने काम काढून घेतलं.

वहिनीला वाटलं, साबणाची पावडरच खराब. त्याच दिवशी तिने नव्या कंपनीचं पोतं फोडलं होतं. तिने पावडर कंपनीवर दावा लावला. कंपनीचा वकील हुशार. त्याने उलटतपासणीत फार काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "बाई, इतक्या वर्षांत पांढऱ्याच्या ढिगात एखादं लाल फडकं तुमच्या हातून कधीच गेलं नसेल? शक्यच नाही, असं शपथेवर सांगता?"

वहिनी शपथेवर होती, म्हणून ती खरं बोलली. "माणूस आहे मी. शक्यच नाही असं कसं म्हणू?"

कोर्टाने लिहिलं: पावडर निर्दोष आहे. लाल कपडा वादीने स्वतःच्या हाताने पांढऱ्या कपड्यांत घातला. दावा फेटाळला.

"पण तुम्हाला हे केव्हा कळलं?" मी विचारलं. "रंगाचं?"

प्लंबरने आमच्या बेसिनच्या नळाकडे पाहिलं. तो थेंब थेंब गळत होता. उठून त्याने तो घट्ट करून पाहिला. सराईत माणूस उत्तर टाळतो तेही कामाला हात लावूनच.

"त्याच संध्याकाळी," तो नळाला म्हणाला. "वर कॉक बघायला गेलो. उघडाच होता."

"म्हणजे पहिला दावा लागायच्या आधी."

"मला वाटलं, पावडरवाले मोठे लोक. त्यांचं काय जातंय! वहिनी जिंकणारच. मग सांगायची गरजच काय? आणि एकदा कोर्टात गेल्यावर मध्येच कसं सांगायचं? ती रोज जायची, मी रोज सोबत जायचो, मागच्या बाकावर बसायचो. निकाल लागला त्या संध्याकाळी सांगितलं. पण..." त्याने आवाज खाली आणला. "आत्ताच डोक्यात प्रकाश पडला, असं सांगितलं. पहिल्यापासून माहीत होतं हे तिला माहीत नाही. ते तेवढं बोलू नका."

"म्हणजे तुम्हाला गुन्हा कबूल करायचाय, पण सगळा नाही."

"एवढा तरी करू द्या, ताई."

तो गेला. नळ गळायचा थांबला होता. मुदतकाका जुना निकाल वाचत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू घरात कुणी आजारी असल्यासारखा झाला.

"संपली," ते म्हणाले.

"काय?"

"केस. एका अर्जात संपते ही. एका तारखेत." त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं. "बघ. कपडे कुणामुळे बिघडले, हा प्रश्न कोर्टाला एकदा विचारून झालाय. बाईंना बोलायची पूर्ण संधी मिळाली. कोर्टाने उत्तर दिलं, बाईंमुळेच. बाईंनी अपील केलं नाही. आता समोर पावडरवाल्याच्या जागी प्लंबर आणून उभा केला म्हणून तोच प्रश्न नवा होत नाही. नाहीतर लोक हरतील तसे नवे प्रतिवादी धरत बसतील. आधी पावडर, मग प्लंबर, मग पाऊस."

"पण ते उत्तर चुकीचं आहे, काका."

"असेल. पण ठरलेलं आहे."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी, अगदी एक श्वास आधी, मला आनंद झाला, कारण काका पुढे म्हणाले, "त्या दिवशी मला दुसऱ्या कोर्टात मुदत मागायचीय. तू एकटी उभी राहा."

मी तोवर कुठेच एकटी उभी राहिले नव्हते. बसस्टॉपवर सोडून.

लॉन्ड्री पाहायला गेले ती तयारी म्हणून. हातात माझा काळा कोट होता, म्हणजे धुवायला देण्याचं निमित्त. काउंटरमागे एक ठेंगणी, दणकट बाई उभी होती. तिने समोरच्या गिऱ्हाइकाची उशीची खोळ उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली, उलटी केली, पुन्हा धरली.

"पांढरीच आहे ना हो ही?" तिने गिऱ्हाइकाला विचारलं.

"पांढरीच दिली होती मी," गिऱ्हाईक म्हणालं.

"तरी एकदा बघा."

मग तिने ती खोळ मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे दिली. त्याने इस्त्री बाजूला ठेवून खोळ नाकाशी नेली, डोळे बारीक केले आणि एका ढिगावर टाकली. तो ढीग हिरव्या कपड्यांचा होता. गिऱ्हाइकाने ती उचलून पांढऱ्यावर ठेवली. नवऱ्याने मान डोलावली, जणू दोघांचं एकमत झालं.

मी ओळख करून दिली. "मी तुमच्या विरुद्ध बाजूची वकील."

"अगं, मग बस की! भाऊजींची वकील म्हणजे घरचीच." तिने स्टूल पुढे सरकवलं आणि नवऱ्याला हाक मारली. "अहो, चहा टाका. भाऊजींची वकील आलीय."

"ढीग ते लावतात?" मी विचारलं.

"हो. त्यांना लाल-हिरवं ओळखता येत नाही, ती गोष्ट वेगळी. सिग्नलला दिवा वरचा की खालचा ते बघून थांबतात."

"मग त्यांना कसं काय..."

"कोर्टाने त्यांच्याबद्दल काही लिहिलेलं नाही," वहिनी म्हणाली.

ती हे विनोदाने म्हणाली नव्हती. मी नेहमी न हसता विनोद करते, त्यामुळे मला त्यातला फरक कळतो.

"सासूबाई गेल्यापासून ढीग मीच लावायचे," ती सांगू लागली. "बघायलासुद्धा लागायचं नाही. कपडा हातात आला की हातालाच कळायचं कुठे टाकायचा. गप्पा मारता मारता, रेडिओ ऐकता ऐकता. आता कपडा हातात घेतला की ते वाक्य आठवतं. स्वतःच्या हाताने घातला. स्वतःच्या हाताने. मी तो कपडा आठवून बघते. लाल होता, पडद्यासारखा होता की फडक्यासारखा होता... कधी कधी मला दिसतोसुद्धा. टाकताना दिसतो."

"म्हणून अपील केलं नाही?"

"पटलं ना मला! जज्ज एवढा शिकलेला माणूस, तो उगाच कशाला लिहील?"

"पण तुमचे भाऊजी तर सांगतात, रंग त्यांनी सोडला."

"त्यांचं काय धरतेस!" ती एकदम हसली, तिचा सगळा चेहरा हसला. "मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून सासूबाईंचा काचेचा जग फुटला. हे पोरगं पुढे झालं, म्हणे मी फोडला. मार खाल्ला. दूध उतू गेलं, मी घालवलं. चावी हरवली, मी हरवली. माझ्यासाठी हा माणूस खूनसुद्धा कबूल करील. आधी मेलेलं कुणीतरी शोधावं लागेल, तेवढंच. त्यांचा जीव आहे माझ्यावर, म्हणून माझं चुकलेलं अंगावर घेतात. त्यावर विश्वास ठेवून मी पुन्हा ढीग लावू आणि पुन्हा कुणाचं वाटोळं करू?"

"मग दावा कशाला लावलात?"

"भाऊजींनी पिच्छाच पुरवला. मग म्हटलं, बघू दे कोर्टालाच. मला नुकसानभरपाई नको गं. कोर्टाने लिहिलं माझा हात चुकला. नसेल चुकला तर कोर्टानेच तसं लिहावं. मग ठेवीन विश्वास."

नवऱ्याने चहा आणला. मी घेतला. विरुद्ध पक्षाचा चहा पिऊ नये असा नियम नाही, असायला हवा. जिला एक वाक्य हवं होतं तिच्यासमोर बसून मी मनात तिला ते वाक्य कसं मिळू द्यायचं नाही याची जुळवाजुळव करत होते, आणि चहा उत्तम झाला होता. निघताना तिने माझा कोट घेतला, कॉलर चाचपली आणि सवयीने विचारलं, "काळाच आहे ना?"

घरी मी आईला जज्ज केलं आणि तिच्यासमोर युक्तिवाद म्हणून दाखवला. आईने भाजी निवडता निवडता सगळा ऐकला.

"म्हणजे ती बाई खरी आहे, हे तुला माहीत आहे," आई म्हणाली.

"तो मुद्दा नाही, आई. तो प्रश्न आता विचारता येत नाही, हा मुद्दा आहे."

"बरं. मग तू जिंकलीस." तिने देठ बाजूला केले. "तोंड का असं केलंयस?"

सुनावणीच्या दिवशी वादी आणि प्रतिवादी एकाच स्कूटरवरून आले. प्रतिवादी चालवत होता. मागे वादी दोन्ही बाजूंची कागदपत्रं छातीशी धरून बसली होती, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. तिने माझा कोटही आणला होता, कडक इस्त्री करून. तो घालूनच मी तिच्याविरुद्ध उभी राहिले.

जज्जसाहेब शांत होते, प्रत्येक शब्द लिहून घ्यायचे. मी अर्ज मांडला. प्रश्न तोच, वादी तीच, संधी मिळाली होती, उत्तर मिळालं, अपील नाही. माझा आवाज थरथरत नव्हता. मला तो आवडत होता, हे मी लपवत नाही.

मागून खुर्ची सरकली. "साहेब, माझी हरकत आहे," प्लंबर म्हणाला.

"कशाला?"

"माझ्या वकिलांना."

"तुम्ही जिंकताय," जज्जसाहेब म्हणाले.

"तीच हरकत आहे, साहेब."

"बसा. वादीच्या वकिलांना काही म्हणायचंय?"

बाथरूमवाले वकील उठले. तोवर ते पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, ते तारीख मागतील. ते म्हणाले, "साहेब, माझ्या अशिलाला तेव्हा खरं कारण कळलंच नाही. ज्याच्यामुळे झालं तो गप्प राहिला. आणि आता जुन्या निकालाचा फायदा त्यालाच? स्वतःच्या गप्प बसण्याची ढाल त्यालाच कशी करता येईल?"

जज्जसाहेबांचं पेन थांबलं. "मुद्दा चांगला आहे," ते म्हणाले. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, सर्वांत जास्त बाथरूमवाल्या वकिलांना. ते स्वतःच्या हातातल्या कागदाकडे असे बघायला लागले, जणू तो कुणी दुसऱ्यानेच ठेवला होता.

जज्जसाहेब माझ्याकडे वळले. "यावर?"

मी 'यावर मला काही म्हणायचं नाही' असं म्हणू शकले असते. त्या वेळी ते सोपं होतं. प्लंबर माझ्याकडे बघत होता, वहिनी बघत होती, आणि दोघांच्याही डोळ्यांत एकच गोष्ट होती: हर. आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही पक्षांना माझ्याकडून एकच हवं होतं. पण मला उत्तर सुचलं होतं. आणि सुचलेलं उत्तर तोंडात धरून ठेवणं मला कधी जमलेलं नाही, शाळेतसुद्धा.

"गप्प राहणं आणि लपवणं यांत फरक आहे, साहेब," मी म्हणाले. "क्षणभर असं धरून चालू की माझ्या अशिलाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. वादी साक्ष देत होत्या तेव्हा तो त्याच खोलीत, मागच्या बाकावर बसला होता, असंही धरू. तरी तो त्या दाव्यात पक्षकार नव्हता. साक्षीदार नव्हता. वादीने त्याला बोलावलं नाही, काही विचारलं नाही. घरातलाच माणूस, त्यांच्या पाण्याचे पाइप ज्याने टाकले तोच माणूस. पाण्याबद्दल त्याला विचारणं ही वादीची जबाबदारी होती. तो खोटं बोलला नाही. त्याला कुणी विचारलंच नाही."

वाक्य चांगलं बसलं होतं. मी गृहीत धरून बोलले होते, कायद्यात तसं बोलता येतं. पण गृहीत धरलेल्या गोष्टीत मागचा बाक नसतो. तो मी कुठून आणला हे मला आणि प्लंबरला ठाऊक होतं. मी वळून पाहिलं तेव्हा त्याने मान खाली घातली होती, आणि वहिनी त्याच्या मानेकडे बघत होती.

जज्जसाहेबांनी थोडा वेळ लिहिलं. मग म्हणाले, "जुना निकाल बदलून हवा होता तर त्याच कोर्टात, मुदतीत जायला हवं होतं. ती मुदत गेली. प्रतिवादीने हे केलं नाही, असं मी म्हणत नाही. केलं, असंही म्हणत नाही. हा प्रश्न आता पुन्हा विचारता येणार नाही, एवढंच म्हणतो. दावा फेटाळण्यात येत आहे."

बाहेर व्हरांड्यात बाथरूमवाल्या वकिलांनी माझ्याशी हात मिळवला. प्लंबर खांबाशी उभा होता. वहिनी त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"भाऊजी, ही काय म्हणाली आत? पहिल्यापासून माहीत होतं म्हणजे?"

"ते मी फक्त धरून चालू म्हणाले, वहिनी," मी मध्ये पडले. "कायद्यात तसं..."

"तू थांब."

मी थांबले.

ज्या माणसाने न्हाव्याकडे, दूधवाल्याकडे, सगळ्या गावाला आपला गुन्हा सांगितला होता त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी तो म्हणाला, "त्याच संध्याकाळी कळलं. कॉक उघडा होता."

"मी साक्षीला उभी होते तेव्हा?"

"मागच्या बाकावर होतो."

"बाहेर आल्यावर पाणी आणून दिलंत मला तुम्ही."

"हो."

"त्या वकिलाने विचारलं, शक्यच नाही का म्हणून. मी म्हणाले, माणूस आहे. तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?"

"पंख्याकडे," प्लंबर म्हणाला.

वहिनी बाथरूमवाल्या वकिलांकडे वळली, कारण तिचे वकील तेच होते आणि अशा वेळी वकिलाला सांगायचं असतं असं तिला वाटलं असावं.

"खरं आहे हे," ती म्हणाली. "यांनीच केलंय. माझं पाप अंगावर घ्यायचं असतं ना, तर यांनी नुसता रंग सोडला म्हणून सांगितलं असतं. पंख्याकडे बघत होतो, असं कुणी दुसऱ्यासाठी सांगत नाही."

"बाई, पण आता निकाल..." वकील म्हणाले.

"निकाल राहू द्या तुमच्याकडे." तिने हात पुढे केला. "चावी."

प्लंबरने स्कूटरची चावी दिली. ती एकटी खाली उतरली, स्कूटर सुरू केली, दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. तो डोक्यावर हेल्मेट चढवून तिथेच उभा राहिला. काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या पहिल्या विजयाचा अशील तो, आणि मला त्याच्याशी काय बोलावं ते सुचेना. मला एरवी सगळं सुचतं.

काही दिवसांनी तो ऑफिसात आला. दुकानातच झोपतो, म्हणाला. दादा डबा आणून देतो, पण तोही काही बोलत नाही.

"घरचा नळ बिघडला," तो म्हणाला. "तर वहिनीने दुसरा प्लंबर बोलावला. मी रस्त्याच्या पलीकडून बघत होतो. वॉशर उलटा बसवला त्याने."

"तुम्हाला हेच हवं होतं ना?" मी विचारलं. मला ते दुष्टपणे विचारायचं नव्हतं, पण तसं निघालं. "तिने तुम्हाला दोषी धरावं."

"हेच हवं होतं. पण मला वाटलं होतं, दोषी ठरलं की पुढे संपतं." तो माझ्याकडे बघू लागला. "तुम्ही ते मागच्या बाकाचं का बोललात? मी सांगू नका म्हटलं होतं."

माझ्याकडे उत्तर होतं. मी धरून चालू म्हणाले होते, नाव घेतलं नव्हतं, विमा कंपनीसाठी माझं ते कर्तव्यच होतं. तिन्ही उत्तरं कोर्टात टिकली असती. "जिंकत होते म्हणून," मी म्हणाले.

मुदतकाकांनी फायलीतून डोकं वर काढलं. त्यांना कुणाचं दुःख पाहवत नाही. "वहिनींकडे मुदत मागून बघू का?" त्यांनी विचारलं. गंमत करत नव्हते. त्यांच्याकडे तेवढंच एक औषध होतं.

मी लॉन्ड्रीत गेले. कोट घेऊन गेले नाही, निमित्त नव्हतं ठेवायचं. दुकानात गर्दी होती. वहिनी मागच्या बाजूला कपड्यांच्या राशीत उभी होती आणि दोन्ही हातांनी कपडे फेकत होती. पांढरा, रंगीत, पांढरा, पांढरा, गडद. बघत नव्हती. रेडिओ चालू होता. जोरात फेकत होती, एखाद्याच्या अंगावर फेकावं तसे, आणि प्रत्येक कपडा बरोबर जागी पडत होता. नवरा पुन्हा नुसत्या इस्त्रीवर आला होता आणि त्याचा चेहरा मोठ्या नोकरीतून सुटका झाल्यासारखा हलका दिसत होता.

मला पाहून ती काउंटरवर आली. स्टूल सरकवलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी मी..."

"तू बोललीस म्हणून मला कळलं," ती म्हणाली. "नाहीतर जन्मभर तो लाल कपडा शोधत बसले असते. हात परत आला माझा. ते तुझ्यामुळे. हे खोटं नाही."

मला वाटलं, इथे सुटले.

"पण ते तू मला कळावं म्हणून बोलली नव्हतीस," ती पुढे म्हणाली.

"नाही."

"मी ढिगाला हात लावत नाही, ते तू इथे बसून पाहिलं होतंस. खरं काय तेही तुला माहीत होतं."

"हो."

"चहा प्यायलीस."

"हो."

"आणि तो प्लंबर कसाय?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी तसं म्हटलं नसणार. शब्द जिभेवर नवा होता, ती तो जपून उच्चारत होती.

"बरा नाही," मी म्हणाले. "दुकानात झोपतो. तुम्हाला राग आहे, हे त्याला मान्यच आहे. त्याला फक्त एवढंच वाटतं की कधीतरी..."

"त्याची वकिली अजून चालू आहे का तुझी?"

दावा संपला होता. अशिलाचा निरोप नव्हता. मी माझ्याच मनाने, माझ्याच सुटकेसाठी बोलत होते, आणि ते तिला माझ्या आधी कळलं होतं.

"पंख्याकडे बघत होता तो," वहिनी म्हणाली. "जग फुटला तेव्हा एवढंसं पोर, पण पुढे आला होता. मोठा झाल्यावर नाही आला. ते मला जमत नाहीये अजून. जमेल तेव्हा मी त्याला सांगीन, तू मध्ये पडू नकोस." मग माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे तिने हात केला. "या हो तुम्ही, काय आणलंय? आणि तू जरा बाजूला हो गं. लोक थांबलेत."

मी बाजूला झाले.